हलक्या विमानाचं वजन

माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं, याबद्दल आमच्या रहिवासी संघाची मतं स्पष्ट आहेत. सकाळी फिरावं, दुपारी झोपावं, संध्याकाळी बाकावर बसून सरकारला नावं ठेवावीत आणि महिन्याच्या सभेत लिफ्टबद्दल तावातावाने बोलावं. करण्यासारखं एवढं सगळं असताना तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विमान बांधायला घेतलं. मी संघाचा सचिव. माझ्याच कारकिर्दीत हे व्हावं, हे माझं नशीब.

विमान म्हणजे कपाटावर ठेवायचं खेळणं नव्हे. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील, इंजिन घरघरेल आणि खरोखर उडेल, असं. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घातली आणि आता अख्ख्या इमारतीला स्वतःच्याच तोंडात बोटं घालायला लावली. गाडी विकून टाकली आणि गॅरेजमध्ये लाकडाच्या पट्ट्या, सरसाचे डबे आणि शिकंजे मांडले. बारीक भोकं पाडायला दवाखान्यातलं ड्रिल आणलं. ते किरकिरलं की वरच्या मजल्यावरची माणसं नकळत गालावर हात धरायची.

पंखांना कापड लावायचं काम वहिनींकडे होतं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणायचं आणि लांब सुईने फासळी-फासळीला शिवायचं. पंख उभा धरलेला. वहिनी या बाजूने सुई खुपसायच्या, डॉक्टर पलीकडून ती ओढून घ्यायचे, दोरा आवळायचे आणि सुई परत द्यायचे. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण बोलणं मात्र चालू.

"दुखतंय का हो बोट?"

"तुम्हाला सवय आहे विचारायची. दुखलं तरी थांबणार आहात का?"

मग दोघं हसायची. या वयात नवरा-बायकोने रोज संध्याकाळी इतकं हसावं, याला काही धरबंध? आमची ही गॅलरीतून बघत बसायची आणि नंतर भाजी जास्त तिखट करायची. माझा काय दोष?

कारण विचारलं, तर डॉक्टरांचं उत्तर साधं होतं. वैमानिकाचा परवाना त्यांनी तरुणपणीच काढला होता, पण दात उपटता उपटता उडायचं राहून गेलं. सत्तरी गाठली की हा परवाना आपोआप रद्द होतो, आणि ती जेमतेम दीड वर्षावर होती. त्याआधी वहिनींना शेजारी बसवून एकदा वर जायचं, बस.

"एकदाच?" मी म्हटलं. "एकदासाठी एवढा खटाटोप?"

"दातदुखी थांबते तीही एकदाच," डॉक्टर म्हणाले. "पण माणूस तेवढ्यासाठी दारात रांग लावतो."

मी लिफ्टचा विषय काढला.

विमान तयार झालं. गॅरेजमधून बाहेर काढून आवारात पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं, पंख जोडले, आणि खोटं कशाला बोलू, दिसत मात्र देखणं होतं. गावाबाहेर उड्डाण क्लबची गवताळ धावपट्टी आहे. तिथला मेकॅनिक येऊन इंजिन ऐकून गेला आणि जाताना डॉक्टरांच्या कानाशी लागला, "रविवारी पहाटे घेऊन या. वर जा, खाली या, घरी जा. कोण कुत्रं विचारतंय? तिथे निम्मी विमानं अशीच उडतात."

इथे डॉक्टर चुकले. त्यांनी परवानगी मागितली.

आता हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात, ते ऐका. उड्डाण कार्यालयातून एक तपासनीस आले. सडपातळ, मृदू आवाजाचे, हसतमुख. असा माणूस दारात उभा राहिला की समजावं, आता सुटका नाही. त्यांनी विमानाभोवती तीन चकरा मारल्या, पंखावरची शिवण बोटाने चाचपली आणि वहिनींना म्हणाले, "अप्रतिम! इतकी सुबक शिवण कारखान्यात होत नाही हो." मग वजन केलं. हलक्या विमानाला जी वजनाची मर्यादा आहे, तिच्यापेक्षा विमान चांगलं दहा-अकरा किलोंनी कमी भरलं. डॉक्टरांचा चेहरा फुलला.

"सगळं उत्तम आहे," तपासनीस म्हणाले. "फक्त एक. हे हलकं विमान आहे, असं यावर कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"ते बघूनच कळतं की."

"मला कळतं, डॉक्टर. पण कायद्याला डोळे नसतात, त्याला पाटी लागते. दोन्ही बाजूंना 'हलके विमान' अशी पाटी हवी. पोलादी. रंगाने लिहिलेलं चालत नाही, पुसलं जातं."

डॉक्टरांनी पाट्या करून आणल्या. तपासनीस पुन्हा आले, खूश झाले. आता फक्त आग विझवायचं नळकांडं हवं होतं. ते बसवलं. मग ते नळकांडं कुठे आहे हे दाखवणारी पाटी हवी होती. दोन माणसांच्या मांडीला मांडी लागलेली, नळकांडं दोघांच्या गुडघ्यांमध्ये, तरी पाटी हवीच. तीही पोलादी. शेवटी आतल्या बाजूला आणखी एक पाटी आली, 'या विमानात जादा वजन ठेवू नये.' ती सगळ्यांत जड होती. डॉक्टरांना ती एकट्याने उचलेना, म्हणून मी हात लावला. संघाने सहकार्य केलं नाही असं कुणी म्हणू नये.

पुन्हा वजन झालं. मर्यादेच्या वर दोन किलो.

"अरेरे," तपासनीस म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. "हे हलकं विमान नाही, डॉक्टर."

"अहो, तुमच्या पाट्यांचं वजन आहे ते!"

"पाट्या नियमाप्रमाणे आहेत. वजन तुमच्या विमानाचं आहे."

"मग पाट्या काढतो."

"पाटी नसलेलं हलकं विमान बेकायदेशीर असतं. शिवाय आत्ता तर मोठीच पंचाईत आहे. जड विमानावर 'हलके विमान' असं लिहिलंय. ही सरळ सरळ दिशाभूल झाली. निदान खाली 'हे विमान हलके नाही' अशी पाटी लावा, म्हणजे मला काही बघता येईल."

डॉक्टरांनी तीही लावली. मला तर या माणसाची कीव यायला लागली होती. अहो, चाळीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस, दुखणारा दात सोडून शेजारचाच दात कुणी उपटत राहिलं तर आपण खुर्चीतून उठावं, एवढं कळू नये? पण नाही. "प्रक्रिया आहे," म्हणायचे. "पूर्ण झाली की मोकळे." वहिनी नुसत्या कॅलेंडरकडे बघायच्या.

आता जड विमान म्हटलं की जड विमानाचे नियम आले. दोन वैमानिक पाहिजेत. जागा दोनच, म्हणजे वहिनींची जागा गेली. शिवाय प्रवाशांना संकटाच्या वेळी दार दाखवायला एक प्रशिक्षित कर्मचारी पाहिजे.

"प्रवासीच नाही, तर दार कुणाला दाखवायचं?" वहिनी पहिल्यांदाच बोलल्या.

"वैमानिकांना."

"ते त्या दारातूनच आत चढलेत ना?"

"चढताना दिसलेलं दार घाबरल्यावर दिसत नाही, ताई. अनुभव आहे."

तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. कर्मचाऱ्याशिवाय जड विमान उडवता येत नाही. आणि कार्यालयाच्या व्याख्येप्रमाणे जे उडवता येत नाही, त्याला विमान म्हणता येत नाही. हे सगळं तपासनीसांनी इतक्या हळुवारपणे समजावलं की डॉक्टर मान डोलावत राहिले. मीही डोलावली. एकेक पायरी कशी ठाकठीक होती, बोट ठेवायला जागा नाही. फक्त पायऱ्या संपल्या तेव्हा आपण तळघरात आहोत, हे उशिरा लक्षात आलं.

विमान नाही, पण चाकं आहेत, म्हणून ते वाहन ठरलं. वाहन कार्यालयाचा माणूस आला. त्याला भोंगा हवा होता, मागचा लाल दिवा हवा होता, आणि पुढे गरगर फिरणारं पातं पादचाऱ्यांना धोकादायक म्हणून त्याला जाळी हवी होती. सगळं बसवून झाल्यावर त्याने पंखांची रुंदी मोजली आणि सांगितलं की एवढं रुंद वाहन कुठल्याच रस्त्यावर मावत नाही, तेव्हा नोंदणी होणार नाही. आता नोंदणी नसलेलं वाहन आवारात उभं करायला आमच्या संघाची मनाई आहे. नियम मीच केलेला आहे. डॉक्टर म्हणजे घरचा माणूस, पण आज त्यांना सूट दिली तर उद्या दुसऱ्या मजल्यावरचा खजिनदार आपली भंगार स्कूटर आणून लावील. मी सभा बोलावली. वाहन हलवता येत नसेल तर निदान ते हलणार नाही याची खात्री करावी, असा ठराव एकमताने झाला, आणि गवंडी बोलावून तिन्ही चाकं सिमेंटात बसवून घेतली.

डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. "सिमेंट छान भरतो हो हा," ते गवंड्याबद्दल म्हणाले. "आम्ही दातात भरतो, तसंच." मला वाटलं, विनोद करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत.

सिमेंट वाळलं आणि महिन्याभरात नगर कार्यालयाची नोटीस आली. जमिनीला पक्कं जोडलेलं, वर छप्पर, एक दार, आत दोन माणसांची बसायची सोय, म्हणजे खोली. विनापरवाना बांधकाम. पण कार्यालय दयाळू होतं. दंड भरल्यावर त्यांनी ते नियमित करून दिलं. गंमत बघा, जे विमान म्हणून कुणी मान्य करेना, ते खोली म्हणून एका फेरीत मंजूर झालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी म्हटलंही. त्यावर वहिनींनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी काही दिवस मागच्या जिन्याने ये-जा करत होतो.

डॉक्टरांच्या सत्तरीला आता जेमतेम एक आठवडा उरला होता. कुणाच्या ओळखीने कोण जाणे, त्यांनी थेट उड्डाण कार्यालयाच्या मोठ्या साहेबांपर्यंत अर्ज पोचवला. आणि साहेब स्वतः आले! आवारातच सुनावणी ठेवली. संघाने खुर्च्या मांडल्या. रहिवासी सगळे खाली उतरले. एरवी सभेला गणसंख्या होत नाही, पण दुसऱ्याची सुनावणी म्हटलं की माणसं आंघोळ करून येतात.

साहेबांनी खोलीकडे पाहिलं. पंख पाहिले, जाळीत अडकलेलं पातं पाहिलं, एकाखाली एक लावलेल्या पाट्या वाचल्या. 'हलके विमान. हे विमान हलके नाही.' मग तपासनीसांकडे वळून म्हणाले, "हे कुणाचं डोकं?"

"नियमाप्रमाणेच आहे, सर."

"ते दिसतंय मला." साहेबांनी चष्मा काढला. "डॉक्टर, हे विमान आहे. आंधळ्यालाही कळेल. पण तीन कार्यालयांनी तीन वेगळी नावं दिलीत, आणि मी एकट्याने चौथं दिलं तर ते अपिलात टिकणार नाही. मात्र एक तरतूद आहे. वस्तू नेमकी काय आहे याबद्दल वाद असेल, तर ती रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या रहिवाशांचं म्हणणं अंतिम. संघाने फक्त एवढं सांगावं की आमच्या आवारात विमान उभं आहे. मी आत्ता, इथे, या खुर्चीवर बसून परवानगी देतो. पाट्या उतरवा, सिमेंट फोडा, आणि रविवारी उडा."

वहिनींनी डॉक्टरांचा हात धरला. सगळ्यांसमोर! आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काही राक्षस नाही. अहो, मी ते विमान पट्टी-पट्टीने उभं राहताना बघितलंय. पाटी उचलायला हात लावलाय. तो शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. मी उठलो, घसा साफ केला.

तेवढ्यात तपासनीस पुढे झुकले आणि नेहमीच्या मृदू आवाजात म्हणाले, "सांगा ना, अवश्य सांगा. पुढचं किरकोळ आहे. विमान असेल तर ही विमान ठेवण्याची जागा ठरते, आणि अशा जागेलगतच्या इमारतीची मूळ नकाशाशी ताडून मोजणी होते. घरोघर. आमची माणसं येतील, टेप लावतील आणि जातील. बाकी काही नाही."

 सगळ्यांच्या माना हळूहळू वर गेल्या.

वर आमच्या गॅलऱ्या होत्या. म्हणजे नकाशात त्या गॅलऱ्या आहेत, मोकळ्या, हवा खाण्यासाठी सोडलेल्या. पहिल्या मजल्यावर तिथे स्वयंपाकघर आहे. खजिनदारांनी तिथे भाडेकरू ठेवलाय. चौथ्या मजल्यावर शिकवणी चालते. माझ्या घरी गॅलरीला भिंत घालून, काचा लावून मुलाची आणि सूनबाईची झोपायची सोय केलीये, आणि पलंग आत गेल्यावर दार लागेना, म्हणून अर्धा हात पुढेही वाढवलीये. सगळेच करतात. वरच्याने केलं म्हणून खालच्याने केलं. इतकी वर्षं आमची आळीमिळी गुपचिळी होती आणि इमारत सुखाने उभी होती. एका म्हाताऱ्याच्या एका फेरीसाठी सूनबाईचा पलंग रस्त्यावर आणू?

"काय आहे हे, सचिवसाहेब?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"खोली आहे," मी म्हणालो.

"नीट बघून सांगा."

"रोज बघतो, साहेब. खोलीच आहे."

"खोलीच," खजिनदार म्हणाले.

"हवेशीर आहे तशी," मागून कुणीतरी भर घातली. आणि मग सगळ्या खुर्च्यांमधून तो शब्द फिरला. ज्यांच्या मुलांनी त्याच विमानाच्या पंखाखाली उभं राहून फोटो काढले होते, त्यांनीही तोच म्हटला. एकमत झालं. आमच्या संघात एकमत होणं किती अवघड असतं, हे मला विचारा.

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला, सही केली आणि गाडीत जाऊन बसले.

वहिनी माझ्यापाशी आल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, रडणाऱ्या बाईची समजूत तरी घालता येते.

"भाऊजी, तिथे वर सूनबाई पडदा लावतीये, ती काय आहे? खोली ना?"

"गॅलरी, वहिनी."

"आणि हे?"

"खोली."

डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून वळवलं. "राहू दे गं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ही सगळी माणसं माझ्यासमोर आ करून बसली. रोज रात्री दात घासता का विचारलं, तर एकजात हो म्हणायची. किडलेला दात मला समोर दिसत असायचा, तरी हो म्हणायची." आणि ती दोघं घरात गेली. हे बोलणं मला लागलं. माझे दात चांगले आहेत.

सत्तरावा वाढदिवस आला आणि गेला. परवाना डॉक्टरांनी स्वतः नेऊन परत दिला, नियमाने वागणारा माणूस. खोलीचा कर वेळेवर भरतात. आम्ही देखभालीचा आकार लावला, तोही देतात. संध्याकाळी कधीकधी दोघं आत जाऊन बसतात, शेजारी शेजारी, समोर टाकीकडे बघत. पूर्वीसारखं हसू काही ऐकू येत नाही. जोराचा वारा सुटला की पंख थरथरतात, ती खोली उठायला बघते आणि सिमेंटाला चिरा पडतात. मी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून बुजवून घेतो.

तुमची नजर कळतेय मला. मनात शिव्या घालताय. आपण तिथे असतो तर छाती पुढे काढून 'विमान' म्हणालो असतो, असं तुम्हाला वाटतंय. म्हणा की. मोठ्याने म्हणा. आत्ता म्हणा. फक्त त्याआधी, हे वाचत तुम्ही जिथे बसला आहात, ती जागा नकाशात काय म्हणून दाखवलीये, तेवढं एकदा बघून या.

जा, बघून या. मी थांबतो.